डॉक्टरीणबाईचं मेबी

हरिदासनं आयसीयूच्या दारासमोर आपल्या दोन्ही चपला आडव्या टाकल्या आणि बाकड्यावर जाऊन साळसूदासारखा बसला. आतून येणारा माणूस चपलांना अडखळणार, थांबणार, खाली पाहणार, तेवढ्यात आपण समोर जाऊन उभं राहायचं, असा त्याचा डाव होता. हाका मारून डॉक्टर थांबत नाहीत, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चपलेला मात्र भला भला थांबतो.

आधी वॉर्डबॉय अडखळला. त्यानं शिवी हासडली, चपला पायानं सारल्या आणि गेला. हरिदासनं उठून त्या पुन्हा आडव्या केल्या. मग दार उघडून डॉक्टरीणबाई आली. तरणी पोर, गळ्यात नळी, डोळ्यांखाली काळं. दूर केरळातून शिकायला आलेली, मराठी अजून पायांत घोटाळणारी. चपलांपाशी ती थांबलीच.

"ये किसका है?"

"माह्या हायेत मॅडम. माफी करा, बुढ्या माणसाच्या चपला, कुठंबी झोपते." हरिदास हात जोडून समोर उभा. "आता थांबल्याच हाये तं एक इचारतो. चार नंबरची नलू, माही घरवाली. शुक्रवारपर्यंत काढते का?"

"शुक्रवार काय आहे?"

"पोरीचं लगन हाये."

डॉक्टरीणबाईनं हातातल्या कागदाकडे पाहिलं. कागद कोरा होता, हे हरिदासला उलट्या बाजूनं दिसत होतं.

"मेबी," ती म्हणाली, आणि चपला ओलांडून निघून गेली.

हरिदासची इंग्रजी मांडवापुरती. बोरगाव मेघेत त्याचं बिछायत केंद्र. लाइट, साउंड, स्टेज, कॅन्सल, एवढ्यावर त्याची जिंदगी निघाली. मेबीचं काम कधी पडलं नाही. मांडवाच्या धंद्यात त्याला जागाच नसते. मांडव उभा राहतो, नाहीतर पाहुण्यांच्या डोक्यावर येतो.

तसा माणूस बाराचा. वरातीला थाप मारावी तर हरिदासनंच. एका वर्षी त्यानं वरपक्षाला सांगितलं, की या गल्लीतला पाटलाचा सांड लाल रंगाला भडकतो. झालं, सगळ्या वरातीनं फेटे काढून काखेत मारले आणि नवरदेव बोडक्या माणसांसोबत मांडवात आला. सांड नव्हताच. पाटीलही नव्हता. अशा माणसाला खोटं ओळखता येतं, कारण त्याच्या घरीच ते तयार होतं. पण या मेबीला खरं म्हणावं की खोटं, हेच त्याला उमगेना.

खालच्या औषधाच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "चान्स हाये, काका." देवळीकडची एक बाई कालपर्यंत आयसीयूबाहेर सतरंजी टाकून राहत होती, ती म्हणाली, "आमाले बी मेबीच म्हणले होते, मंग जनरलले आणलं ना यायले. पाहा, चांगली गोष्ट हाये." हरिदासचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पलीकडचा पुलगावचा माणूस म्हणाला, "आमाले बी मेबीच म्हणले." आणि तो आपली सतरंजी गुंडाळू लागला. गुंडाळताना त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती, तिच्या हातात मुलाचं जॅकेट होतं. ऐन मे महिन्यात जॅकेट. ते कोणी घालून आणलं असेल, हे हरिदासनं विचारलं नाही.

संध्याकाळी पोरगी डबा घेऊन आली. समीक्षा बी.कॉम. झालेली, वर्ध्याला एका पतसंस्थेत कामाला. बापाच्या चालीवरून ती ओळखायची, की आज बाबा कोणाची टोपी उडवून आला. आज तिला काही ओळखता आलं नाही.

"मेबी म्हंजे काय वं?" त्यानं विचारलं.

"होऊ शकते."

"आन नाई होऊ शकत?"

"ते बी त्याच्यातच येते."

"म्हंजे एकाच थैलीत दोन्ही." हरिदासनं पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "मंग या शब्दाचा उपेग काय? बिनबुडाचा गडू हाये हा. पाणी भरा का नका भरू."

"उपेग हाच बाबा, का म्हणणाऱ्याच्या अंगावर काई येत नाई."

तो हसला. मांडवातलं आपलं हसू, पण आवाज बारीक. मग दोघं बापलेक दाराच्या गोल काचेतून आळीपाळीनं आत पाहत राहिले. नलूच्या फुप्फुसाला जाळं धरलं होतं. पोळ्याच्या सुमारास कोरडा खोकला लागला होता, आता ती हवा विकत घेतल्यासारखी एकेक घोट घेत होती. शेजारच्या पडद्यावर हिरवी रेघ धावत होती. हरिदासला वाटलं, ही रेघ तरी मेबी म्हणत नाही.

*

शुक्रवारचं लग्न म्हणजे नुसतं लग्न नव्हतं. दोन वर्षांपूर्वी समीक्षाचं सेलूच्या एका मुलाशी जमलं होतं. पत्रिका वाटून झाल्या, मांडवाचे बांबूसुद्धा उतरले, आणि आठवड्यावर लग्न असताना मुलाचा बाप ट्रॅक्टरखाली आला. लग्न मोडलं. त्या माणसाच्या मरणाशी समीक्षाचा संबंध तिच्या नावापुरता, पत्रिकेवर छापलेला. पण बायकांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार. पोट्टीचा पायगुण, पोट्टीचा पायगुण, असं गल्लीत सुरू झालं ते हळदीकुंकवात तिला शेवटी बोलावण्यापर्यंत गेलं. मग बरेच दिवस कोणी पाहायलाच आलं नाही. आर्वीचा आदेश आला तो विजेच्या ऑफिसातल्या कोणा ओळखीतून. मुलगा शांत, शब्दाचा पक्का. पण त्याच्या घरच्या बायकांना सेलूची गोष्ट कोणीतरी सांगितलीच होती, आणि आदेशचा बाप गोपालराव रोज रात्री फोन करत होता.

"इवाईबुवा, इहीणबाई कशा हायेत?"

"ठीक हाये."

"नाई, म्हटलं, घरात आमच्या बायका म्हणून राह्यल्या. मधातच काई झालं तं सुतक पडन. त्यापेक्षा तारीख पुढं ढकलावी का?"

पुढं ढकलणं म्हणजे काय, हे हरिदासला समजत होतं. एकदा पुढं ढकललेलं लग्न आणि एकदा सोडलेला बैल, घरी परत आलेला त्यानं पाहिला नव्हता. आणि बरोबर लग्नाच्या तोंडावर आई गेली, तर समीक्षाच्या पायगुणावर गल्ली शिक्काच मारणार. सासरा तं गेलाच होता, आता मायबी खाल्ली. मग तिनं जन्मभर पतसंस्थेत बसायचं आणि शेवटून कुंकू लावून घ्यायचं.

"डॉक्टर काय म्हणते?" गोपालरावनं विचारलं.

"मेबी म्हणते."

मग गोपालराव म्हणाला, "म्हंजे होईन ना बरं?"

"असंच म्हणते ते लोक."

फोन ठेवला आणि हरिदासला कसंसंच झालं. आयुष्यात त्यानं हजार थापा मारल्या, पण ही थाप नव्हती, खरंही नव्हतं, आणि तरी ती चालली. एवढं सोयीचं हत्यार त्याच्या हाती पहिल्यांदाच आलं होतं.

घरी त्याचा मोठा भाऊ अण्णाजी अंगणात खाटेवर होता. कन्यादान अण्णाजी आणि वहिनीनंच करायचं, हे नलू दवाखान्यात गेली तेव्हाच ठरलं होतं, कारण जोडप्याशिवाय ते होत नाही. बाजूला मनकर्णाबाई पवनारहून येऊन बसलेली. हरिदासची ही आत्या ऐंशीच्या पुढची, दात गेलेले, पण रीतीभातीचं सगळं तिच्या तोंडात शाबूत.

"सुतक का असं हवेतून येते का?" ती म्हणाली. "ऐकल्याबिगर सुतक नाई. माह्या लग्नात काय झालं, माहीत हाये? माहा चुलतसासरा तिकडं हिंगणघाटले मेला. निरोप घेऊन माणूस आला तं मांडवात अंतरपाट धरलेला. माह्या सासऱ्यानं त्याचं तोंड पाह्यलं आन समजून घेतलं. बस म्हणे पंगतीत. ताट वाढलं. तो तोंड उघडे का हा बुंदीचा लाडू कोंबे. तो उघडे का हा कोंबे. लग्न लागलं, पंगती उठल्या, मंग त्याले बाहेर नेऊन म्हणे, हं, बोल आता. पण त्याच्या पोटात जागा नवती आन तोंडात शब्द."

अण्णाजी हसला. हरिदासही हसला, आणि हसता हसता उठून अंधारात मांडवाच्या बांबूपाशी जाऊन उभा राहिला. दोरीची गाठ पक्कीच होती. त्यानं ती सोडली आणि पुन्हा मारली.

*

गुरुवारी हळद लागली. हळद लागलेल्या नवरीनं उंबरठा ओलांडायचा नसतो, म्हणून समीक्षा दवाखान्यात जाऊ शकली नाही. तिनं पळसाच्या पानात थोडी उष्टी हळद बांधून बापाकडे दिली.

"आईले लावजा. पायाच्या आंगठ्याले लावली तरी चालते."

आयसीयूच्या नर्सनं पान उघडून पाहिलं. "हे काय आहे काका?"

"औषध हाये. वरून लावायचं."

नर्सनं त्याच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवून सलाइन तपासू लागली. बराच वेळ तपासत राहिली. हरिदासनं नलूच्या अंगठ्याला हळद लावली. पाय थंड होता. नलूनं मास्कच्या आतून डोळे उघडले.

"मांडव कोणता लावला?" एवढं बोलायला तिला तीन दम लागले.

"गुलाबी."

तिच्या कपाळाला आठी पडली. गुलाबी कपडा तिला आवडत नसे. तमाशाचा तंबू वाटतो, म्हणायची. खरं म्हणजे त्यानं पिवळा लावला होता, तिच्या आवडीचा, नवीन आणून. पण खरं सांगितलं तर ती रडेल अशी त्याला भीती वाटली. आठी पडली तर निदान भांडेल.

"मी येईन का, लग्नाले?"

"डॉक्टरीण मेबी म्हणते."

"म्हंजे?"

"म्हंजे येशीन."

नलूनं त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षं त्याच्या थापा ऐकून ऐकून या बाईचे कान पिकले होते. तिनं हात थोडा उचलला, त्याच्या तोंडावर ठेवावा तसा. पण हात तिथपर्यंत गेला नाही, मध्येच चादरीवर पडला. तिनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात वेळ संपली म्हणून त्याला बाहेर काढलं.

*

शुक्रवारी फटफटताना डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आली. हरिदासच्या चपला पायातच होत्या. ती त्याच्या शेजारी बाकड्यावर बसली, आणि ती बसली तेव्हाच त्याला समजलं, कारण या लोकांना बसायला वेळ नसतो.

"काका, गेल्या त्या."

तिनं हे शुद्ध मराठीत सांगितलं. एवढं वाक्य तिला कोणीतरी शिकवलं असावं, किंवा पुष्कळदा म्हणावं लागलं असावं.

हरिदास समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला. भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्या चित्रांत काढल्या होत्या. त्यानं त्या वरून खालपर्यंत पाहिल्या.

"मॅडम, त्या दिवशी तुमाले माहीत होतं?"

ती त्याच्या पायातल्या चपलांकडे पाहू लागली.

"गुस्सा नाई. इचारून राह्यलो."

"हां," ती म्हणाली. "थोडा थोडा माहीत होता."

"मंग मेबी काऊन म्हणलं?"

डॉक्टरीणबाईनं गळ्यातली नळी काढून मांडीवर घेतली. "काका, आपने शुक्रवार बोला ना. मी नाही म्हणली असती, तर तुम्ही घरी जाऊन काय सांगितलं असतं?"

हरिदासनं मान डोलावली. हिशेब बरोबर होता. याच कामासाठी लोकांनी हा शब्द घडवला असणार. माहीत नसलेल्या माणसाला तो लागतच नाही, त्याला 'माहीत नाई' पुरतं. हा लागतो तो माहीत असलेल्याला.

"मॅडम, नलूले संध्याकाळपर्यंत इथंच ठेवता येईन का? मी रातच्या आंधी येतो. घरी आज काम हाये."

"ठेवू. मी बोलते."

"आन फोन कोणी करू नका. माह्याच नंबरवर करजा."

तो आत गेला. नलूचा मास्क काढला होता आणि नाकावर त्याचा लाल वळ उरला होता. अंगठ्याची हळद तशीच. तो तिच्या कानाशी वाकला. "पिवळा लावला हाये," तो म्हणाला. मग बाहेर येऊन त्यानं दवाखान्याच्या नळावर तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, आरशात पाहून दोन्ही गाल हातानं वर ओढून पाहिले. चेहरा बसेपर्यंत ओढले.

घरी अंगणात बायका नवरीला न्हाऊ घालायच्या तयारीत होत्या. समीक्षा पाटावर बसलेली, अंगभर पिवळी. हरिदास फाटकातूनच ओरडला.

"अवं, तुमची नवरी का भेळ हाये, एवढी हळद? डॉक्टरीणबाई म्हणते मेबी. रात चांगली गेली. चला, आटपा, आर्वीवाले पोहोचून राह्यले."

बायका हसल्या. समीक्षानं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांच्या पापण्यांवरसुद्धा हळद होती.

न्हाणं झाल्यावर ती आशीर्वादाला आली आणि वाकली, तसा हरिदास टुणकन मागं सरला.

"पाय नको धरू. पायाले शेण लागलं. जा, अण्णाजीच्या पड पाया."

सुतकातल्या माणसानं नमस्कार घ्यायचा नसतो. हे मांडवात दोनच माणसांना आठवलं असतं, एक मनकर्णाबाई आणि एक तो. असं त्याला वाटलं. समीक्षा वाकलेलीच थोडा वेळ थांबली, त्याच्या स्वच्छ पायांकडे पाहत, आणि मग सरळ झाली.

त्या दिवशी हरिदासनं मेबी किती तऱ्हेनं म्हटलं, ते त्याचं त्यालाच माहीत. गोपालरावाला छाती काढून. अण्णाजीला डोळा चुकवून. शेजारच्या बायकांना खांदे उडवून, त्यांनी जास्त खणू नये म्हणून. वरातीतल्या एका मास्तराला त्यानं मेबीसोबत एक ओकेसुद्धा लावून दिलं. प्रत्येक वेळी शब्द तोंडातून निघाला की आत काहीतरी एक जिना खाली उतरायचं. आणि वर तो हसवत होता. आर्वीच्या पाहुण्यांना त्यानं सांगितलं, की आमच्याकडे पहिल्या पंगतीत मठ्ठा मागणाऱ्याला गाणं म्हणावं लागते. दोन म्हाताऱ्यांनी म्हटलंही. लोक म्हणाले, बायको दवाखान्यात असून माणूस पाहा कसा तोलून धरतो. कोणी म्हणालं, याला कशाचंच काही नाही. दोन्ही त्याच्या कानावर पडलं.

त्यानं बोहल्यावर पाय ठेवला नाही. देवकाला हात लावला नाही. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा तो साउंडच्या मशीनपाशी उभा होता, जणू आवाज सांभाळायला. कोणीतरी त्याच्या हातात अक्षता दिल्या. प्रत्येक 'सावधान'ला मांडवभर तांदूळ उडत होते, पिवळ्या कपड्याखाली सगळं पिवळं झालं होतं, आणि हरिदासची मूठ मिटलेली ती मिटलेलीच. शेवटच्या ओळीला त्यानं मान वर केली, तर समोर खुर्चीवरून मनकर्णाबाई त्याच्या मुठीकडे पाहत होती. त्यानं हसून दाखवलं. म्हातारी हसली नाही. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, चेहरा झाकेपर्यंत, आणि टाळ्या वाजत असताना एकटीच पदराआड बसून राहिली.

पंगतीत तिनं ताट परत पाठवलं. कोणी विचारलं तर म्हणाली, "आज माहा उपास हाये." पण तिनं काही सांगितलं नाही, आणि तिला कोणी काही सांगितलं नाही.

*

ऊन उतरल्यावर पाठवणी निघाली. आर्वीकरांची बस पुढे गेली. फुलांनी मढवलेली गाडी फाटकाशी उभी होती. सगळ्या बायका रडल्या, ज्यांना सकाळी समीक्षाला न्हाऊ घालताना हसू आवरत नव्हतं त्याही रडल्या. समीक्षा रडली नाही. काकूच्या, आत्याआजीच्या गळ्यात पडली, एक कापडी पिशवी छातीशी धरून गाडीत बसली आणि काच खाली केली.

हरिदासनं ठरवलं होतं, की गाडी वळणाआड गेली की अण्णाजीला बाजूला घ्यायचं. पोरगी आर्वीचा उंबरठा ओलांडेल, मग उद्या कळेल तिला. तो काचेपाशी वाकला. एखादी थाप शोधू लागला, पण कुठं काही सापडेना.

"बाबा, गाडीत बसा."

"पाठवणीच्या गाडीत बाप बसते का कुठं? लोक म्हणतीन, हुंड्यात बुढाबी देला."

"बसा."

आदेश आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसला होता. हरिदासनं एकदा अण्णाजीकडे पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि मागं बसला. गाडी सुरू झाली. ड्रायव्हरनं लग्नाचं गाणं लावलं होतं. आदेशनं हात पुढं करून ते बंद केलं.

"आर्वी रोडनंच काढू ना साहेब?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नाही. आधी दवाखान्यात," आदेश म्हणाला, आणि मागं वळून पाहिलं नाही.

समीक्षानं मांडीवरची पिशवी नीट केली. पिशवीचं तोंड उघडं होतं. आत नवं हिरवं पातळ होतं, घडी न मोडलेलं. त्यावर हिरव्या बांगड्यांचा पुडा, खण, नारळ, कुंकवाची डबी. सवाशीण बाईची शेवटची ओटी भरायला जे जे लागतं ते सगळं, काही विसरलेलं नव्हतं. हरिदास त्या पातळाकडे पाहत राहिला. बाहेर बोरगावच्या चौकात रसवंतीवाल्यानं गाडीतली नवरी पाहून चरक थांबवला.

"समीक्षा," तो म्हणाला, "तुले एक..."

"नाई बाबा." तिनं समोर पाहतच सांगितलं. "म्या अजून काई ऐकलं नाई."

"कवा समजलं तुले?"

"सकाळी. तुमी फाटकातूनच मेबी म्हणलं. म्या इचारलंच नवतं."

हरिदासनं तिचा हात धरायला आपला हात पुढं केला, मग शिवाशीव आठवून मागं घेतला. तिनं तो ओढून आपल्या मांडीवर ठेवला, पातळाच्या घडीवर.

दवाखान्याच्या फाटकावरचा गार्ड रोजचा. हरिदास त्याला रोज काहीतरी वेडंवाकडं सांगून हसवायचा. फुलांची गाडी पाहून त्याला वाटलं, नवरानवरी आईच्या पाया पडायला आले. तो लगबगीनं दांडा वर करत काचेशी आला.

"वा काका, जोडी घेऊन आले? कसं हाये मग बाईचं आज?"

हरिदासनं काच पूर्ण खाली केली. तोंड उघडलं, आणि पहिल्यांदा नुसती हवाच बाहेर आली.

"गेली," तो म्हणाला.

गार्डचा हात दांड्यावरच राहिला. "कधी?"

"सकाळी."

शेजारी समीक्षानं दोन्ही हात कपाळाकडे नेले. मुंडावळ्यांची गाठ मागं केसात अडकली होती. ती ओढत राहिली, सुटेना. मग हरिदासनं, ज्याच्या हातच्या गाठी गावभर नावाजलेल्या, बोटं आत घालून ती हळूहळू सोडवली.